नाव गाणं संपल्यावर

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "सुमाक्का, रेडिओतल्या तुमच्या कारकिर्दीवर लिहा. अगदी पहिल्यापासून." म्हटलं, बाई गं, जन्म कुठे, शिक्षण कुठे, पहिली नोकरी कुठली, हे सगळं सांगायला मी काय नगरसेवकपदाला उभी आहे? मी फक्त शेवटच्या वर्षाबद्दल लिहीन. आपल्या धंद्यातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा बरीच वर्षं समज होता. या शेवटच्या वर्षात नागपूरच्या एका पोरीने तो इडली-वडा खाता खाता मोडला.

मी बेंगळुरूतली जुनी मराठी. वडील इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि यशवंतपूरला घर बांधून बसले. त्यामुळे मी भाजीवाल्याशी कन्नडमध्ये भांडते, नवऱ्याशी मराठीत, आणि देवाला दोन्ही भाषांत ऐकवते. कोरमंगलाच्या एका गल्लीत दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, तिथे मी निवेदिका होते. सामुदायिक म्हणजे छोटं. मोठ्या केंद्रांचा आवाज शहरभर जातो, आमचा सर्जापूर रोडच्या निम्म्यापर्यंत पोचतो आणि तिथल्या उंच इमारती चढताना धापा टाकतो. यशवंतपूरला माझ्या स्वतःच्या घरी तर तो येतच नाही. त्याचं दुःख आमच्या ह्यांना कधीच झालं नाही. त्यांच्या मते संगीत नाट्यपदांपाशी संपलं, पुढचा सगळा गोंगाट.

सकाळी केंद्रावर बायकांच्या आरोग्याचा कार्यक्रम, दुपारी शाळेतली मुलं, आणि संध्याकाळी पाच ते सहा माझा तास. नाव 'बेरे दारी', म्हणजे कन्नडमध्ये वेगळी वाट. बोलणं थोडं कन्नड, थोडं हिंदी. त्यात कुठली गाणी लागायची? लोकांनी विचारलं की मी सांगायची: जे सिनेमातलं नाही, देवाचं नाही, आणि लग्नात वाजत नाही, ते सगळं माझं. पोरांनी भाड्याच्या खोलीत गादी भिंतीला लावून रेकॉर्ड केलेलं. तुळूतलं रॉक. ईशान्येकडच्या कुठल्या गावातल्या बाप-लेकीने चुलीजवळ बसून म्हटलेलं, मागे भांडी वाजताहेत. याला हल्ली 'अल्टरनेटिव्ह' म्हणतात. पूर्वी 'हे काय लावलंय' म्हणायचे.

बाहेरच्यांना वाटतं, निवेदिका म्हणजे गोड आवाजात गप्पा मारणारी बाई. आवाज तर भाजीवालीलाही असतो हो! खरं काम असतं क्रमाचं. कुठल्या गाण्यामागे कुठलं गाणं, कुठे माणसाला दमवायचं, कुठे पाणी पाजायचं. ताट वाढताना चटणीशेजारी काय वाढायचं हे जसं हाताला कळतं, तसं ते कानाला कळावं लागतं. आणि माझा दुसरा नियम, ज्यावरून पुढे रामायण झालं: गाण्याचं नाव गाणं संपल्यावर. आधी नाही. आधी नाव सांगितलं की लोक नावच ऐकतात. 'हे मणिपूरहून आलंय' म्हटलं की माणूस आधी 'अरेरे' म्हणतो, मग ऐकतो. आधी ऐकू दे ना त्याला! आवडू दे, नावडू दे, मग सांगू कोण ते.

गिऱ्हाइकं एकेक भारी असायची. एकदा दोन मुलांनी यशवंतपूरच्या घाऊक बाजारात कांद्याचा लिलाव चालतो तो रेकॉर्ड करून त्याखाली ड्रम आणि बास गिटार घातली होती. मी ती वाजवली. गाणं संपायच्या आत फोन. "अक्का, तो माझा आवाज आहे!" कांद्याचे व्यापारी, राहायला आमच्याच कोरमंगलाला. मला वाटलं आता वकिलाची नोटीस येणार. तर म्हणाले, "परत कधी लावणार? आमच्या घरात माझं कोणी ऐकत नाही, आता पाव्हण्यांना बोलावून ऐकवतो." मी परत लावलं. त्यांनी केंद्रावर कांद्याचं एक पोतं पाठवलं. खालचे दंतवैद्य म्हणाले, वास येतो.

दुसरे एक निवृत्त बँक मॅनेजर. रोज सहाला ठरलेला फोन. "मॅडम, हे संगीत आहे का?" मी म्हणायची, "तुम्ही सांगा." ते म्हणायचे, "नाही." आणि ठेवून द्यायचे. एक दिवस फोन आला नाही तर मीच काळजीने लावला. म्हणाले, "ताप आहे. पण ऐकलं. फारच वाईट होतं." असा निष्ठावान माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही.

पण खरं सांगायचं तर हे असेच होते माझे श्रोते. गुडघ्याला तेल लावता लावता ऐकणारे. गाणी विशी-पंचविशीतल्या पोरांनी केलेली, आणि ऐकणारे त्यांचे आजोबा. हे मला दिसत होतं. फक्त मी तिकडे बघत नव्हते.

बघायला लावलं मूर्ती सरांनी. आमचं केंद्र ज्या न्यासाचं आहे त्याचे ते प्रमुख. सज्जन माणूस, कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे वाईट बातमीसुद्धा कॉफी विचारावी तशी सांगतात. युगादी, म्हणजे आपला गुढीपाडवा, होऊन गेली होती. कन्नडमध्ये म्हणाले, "अक्का, तुम्ही या दिवाळीला निवृत्त होताय. त्यानंतर पाच ते सहा हा तास सिनेमाच्या गाण्यांना द्यावा असं विश्वस्तांच्या मनात आहे. कॉम्प्युटर आपोआप लावेल, माणूस नको. तरुण मुलं ऐकत असतील तर गोष्ट वेगळी. पण ऐकतात का?"

मी म्हटलं, "सरी सर, बघते."

'सरी' म्हणजे ठीक आहे. काही ठीक नव्हतं. बसस्टॉपवर उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी जाणार याचं नाही. गुडघे केव्हाचे म्हणताहेत जा. पण माझ्यामागे तो तास राहावा एवढी एकच इच्छा होती. त्या गाद्या भिंतीला लावणाऱ्या पोरांनी गाणं पाठवायचं कुठे मग?

सरांनी तरुणांना ओढायला एक तरुणच आणला. तन्मय, पुण्याचा, सर्जापूर रोडला राहणारा, तिथल्याच एका आयटी कंपनीत. शनिवारी आमच्याकडे फुकट काम करायचा. हुशार, नम्र, आणि बोलताना दर तिसऱ्या शब्दाला इंग्रजी. "मॅम, ॲक्च्युअली यूथला कंट्रोल लागतो. त्यांना आधी दिसलं पाहिजे काय प्ले होतंय. आपल्या ॲपवर लाइव्ह नाव दाखवू, आर्टिस्टचा फोटो, नेक्स्ट काय आहे तेपण."

मी म्हटलं, "अरे, नाव मी नंतर सांगते."

"तेच तर मॅम. तोपर्यंत कोण थांबेल?"

मी भांडले. तो शांतपणे ऐकत राहिला, मग "बट मॅम" म्हणत राहिला. शेवटी मूर्ती सर म्हणाले, "अक्का, स्वल्प ॲडजस्ट माडी." म्हणजे जरा जुळवून घ्या. बेंगळुरूत या वाक्यापुढे कोणाचं चालत नाही. तडजोड अशी झाली की मी तोंडाने नाव नंतरच सांगणार, आणि ॲपच्या पडद्यावर ते आधी दिसणार. मी क्रम ठरवून द्यायचा, तन्मयने तो आठवड्याचा एकदम भरायचा, पडदा आपला आपला चालणार.

आणि इथे घोटाळा झाला. तो फक्त रेडिओवाल्यांच्यातच होऊ शकतो. प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक ओळखधून वाजते. ऐकणाऱ्याला ती कळते, पण आमच्या लेखी ते गाणं नसतं, ते दार उघडणं असतं. 'बेरे दारी'ची धून जरा लांब आहे, कारण तेवढ्यात मी पाणी पिऊन घेते. मी क्रमात धून कशाला लिहीन? माझ्या दृष्टीने पहिलं गाणं ते पहिलं. तन्मयच्या यंत्राला मात्र स्पीकरमधून जे वाजलं ते गाणं. धून वाजली की पडद्यावर पहिल्या गाण्याचं नाव. पहिलं गाणं लागलं की दुसऱ्याचं. अशी रोज सगळी नावं एकेक घर पुढे सरकलेली. तुळू रॉक वाजतंय आणि पडद्यावर चुलीजवळच्या बाप-लेकीचा फोटो!

आठवडाभर हे चाललं आणि केंद्रातल्या कोणालाही कळलं नाही. मी माइकसमोर, तन्मय त्याच्या कंपनीत, आणि मूर्ती सरांनी आमचं ॲप फोनवर घेतलंच नव्हतं. हलवाई स्वतःची मिठाई खात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

मग केंद्राच्या फोनवर पहिला मेसेज आला. हिंदीत होता. "मॅम, स्क्रीनवर कोंकणी बँड, तुम्ही शेवटी सांगता आसामचा ढोल. रोज असंच होतंय. आमच्या पीजीत यावरून भांडणं लागलीत. प्लीज खरं काय ते सांगा. ऋतुजा, कोरमंगला." पाठोपाठ सर्जापूर रोडच्या एका मुलाचा, कंपनीच्या कॅबमधून: "ड्रायव्हर अण्णा म्हणतात अक्का बरोबर, आम्ही म्हणतो स्क्रीन बरोबर. कोण?" तिसरा तर एका गिटारवाल्याचाच. दुसऱ्याच कोणाच्या गाण्यावर त्याचं नाव झळकलं होतं. "मॅम, मी इतकं वाईट वाजवत नाही." असे बरेच.

मूर्ती सर पहिल्यांदा चिडलेले पाहिले. तन्मयचा चेहरा पार उतरला होता, सॉरी म्हणायला त्याला इंग्रजीही सापडेना. आणि मी? मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.

"अक्का, तक्रारी आहेत या!"

"सर, तक्रारच तर आहे ना! न ऐकणारा माणूस कधी तक्रार करतो का? आणि बघा तरी कोणाच्या. पीजीतल्या मुली, कॅबमधली मुलं. एकाचेही गुडघे दुखत नसतील."

सरांनी मेसेज परत एकदा वाचले. मग म्हणाले, "मान्य. पण ही मुलं चुकीसाठी आली असतील. गंमत म्हणून. चूक दुरुस्त झाली की जातील. गाण्यासाठी ऐकतात हे कशावरून?"

हे मला झोंबलं. खोटं असतं तर झोंबलं नसतं, खरं असण्याची शक्यता होती म्हणून झोंबलं. इतकी वर्षं मी एका तारेतून बोलत होते आणि पलीकडच्या टोकाला बसलेलं माणूस का बसलंय हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता मात्र मला राहवेना. मी त्या ऋतुजाला फोन लावला. नाव मराठी वाटलं म्हणून मराठीतच बोलले. पलीकडून किंकाळी आली, "अय्या! तुम्ही मराठी आहात?"

शनिवारी सकाळी तिच्या पीजीखालच्या दर्शिनीत भेटलो. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल. उंच टेबलावर इडली-वडा, सांबारात बुडवलेला. ऋतुजा नागपूरची, बारीकशी, मोठा चष्मा, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम. "दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते न मी, म्हणून तुमची लगेच दिसली," म्हणाली. खोलीत आणखी दोघी, एक केरळची, एक ओडिशाची. संध्याकाळी तिघी लवकर आल्या की खिडकीत फोन ठेवून माझा तास.

मी लाजत लाजत विचारलं, "माझी गाणी आवडतात का गं?"

तिने वड्याचा तुकडा मोडला. "खरं सांगू? निम्मी नाही आवडत."

"निम्मी?"

"निम्म्याहून जास्तच असतील. तो एक होता न, पत्रा घासून राहिला होता? डोकं उठलं आमचं."

मी चमचा खाली ठेवला. त्या पत्र्याच्या गाण्यासाठी मी विश्वस्तांशी भांडले होते. "मग ऐकतेस कशाला गं?"

तिने असं बघितलं की जणू मीच काही वेड्यासारखं विचारलं. "अहो काकू, फोनवर मला जे आवडते तेच येते. एक गाणं आवडलं की त्याच्यासारखी शंभर. रोज पनीर, रोज पनीर. पनीर आवडते हो मला! पण मला काय नाही आवडत हेच विसरून गेली मी. तुमच्याकडे ते कळते. पत्रा नाही आवडला, पण त्याच्यानंतरचं ते म्हातारीचं गाणं... ते पत्र्यानंतर आलं म्हणून इतकं आवडलं न."

म्हणजे क्रम! क्रम कळला होता पोरीला! इतक्या वर्षांत कोणीही, अगदी कोणीही मला क्रमाबद्दल बोललं नव्हतं. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण हाताला सांबार होतं.

"आणि नाव?" मी विचारलं. "स्क्रीनवर आधी दिसतं ते बरं की..."

"अजिबात नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारचे काका वळून बघायला लागले. "आधी आमचा खेळ असायचा. गाणं ओळखणारं ॲप असते न फोनवर, ते लावायचं. तुमची गाणी त्याला सापडतच नाहीत! म्हणजे गुगलपेक्षा तुम्हाला जास्त माहीत! मग आम्ही ओळखायचो, भाषा कोणती, वाद्य कोणतं. आणि तुम्ही सांगेपर्यंत कोणी आंघोळीला पण जायचं नाही. स्क्रीन आली अन् खेळ बंद झाला. मी तर बंदच करणार होती ऐकणं. मग नावं चुकतात हे ध्यानात आलं अन् परत मजा आली." इडली संपवून म्हणाली, "एक सांगू का? राग नका मानू. तुम्ही नाव सांगितल्यावर खूप बोलता. गाव, शाळा, त्याचे गुरू कोण. एवढं नको. नाव सांगा अन् पुढचं लावा."

राग आला. का येणार नाही? पण बसमध्ये बसल्यावर हसू यायला लागलं. तरुणांना आवडावं म्हणून आम्ही केंद्रात किती डोकी फोडली होती. गाणी सोपी करू, छोटी करू, नाव आधी दाखवू, पुढचं काय तेही दाखवू. आणि हिला हवं होतं ते नेमकं उलटं. जे न दाखवल्यामुळे ती थांबत होती, तेच आम्ही दाखवायला निघालो होतो. एकटी ऋतुजा म्हणजे काही बेंगळुरूची सगळी तरुण पिढी नव्हे, हे मलाही कळतं. म्हणून मग मी कॅबवाल्या मुलाशी बोलले, गिटारवाल्याशी बोलले. प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं. कॅबमधल्या मुलाला फक्त ड्रायव्हर अण्णांशी पैज मारायला आवडायचं. गिटारवाला प्रतिस्पर्ध्यांवर नजर ठेवायला ऐकायचा. पण एक गोष्ट तिघांची सारखी होती: पुढे काय येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते कोणीतरी माणसाने ठरवलंय हे ठाऊक होतं.

इकडे तन्मयला नावं दुरुस्त करायची होती. परत घर सरकायला नको म्हणून त्याने प्रत्येक गाण्याच्या फाइलीलाच नाव जोडायचं ठरवलं, आणि ते काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. अर्ध्या फाइलींवर नावच नव्हतं, कुठे नुसतं 'ट्रॅक वन', कुठे 'फायनल नवीन खरं फायनल'. त्यामुळे त्याला एकेक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून माझ्या क्रमाशी ताडून बघावं लागलं. एका शनिवारी दुपारी मी स्टुडिओत गेले तर हा स्पीकरला कान लावून डोळे मिटून बसलेला. मला बघून दचकला.

"मॅम, हे कोण आहे?"

"संपलं का?"

"नाही अजून."

"मग संपल्यावर सांगते."

तो आधी हसला आणि मग, मी खरंच सांगत नाही म्हटल्यावर, परत डोळे मिटून बसला. मी बाहेर येऊन दाराशी उभी राहिले. त्या गाण्यात मधे एक बाई गाता गाता दम घेते, ती जागा आली तेव्हा त्याने हात वर केला, काही पकडायला करावा तसा. त्यानंतर कुठल्याही शनिवारी तो वेळेवर घरी गेला नाही.

दसरा झाल्यावर मूर्ती सरांनी निकाल लावायला बैठक बोलावली. मी हट्टाने ऋतुजाला बोलावून घेतलं. सरांनी तिला कॉफी दिली आणि अगदी प्रेमाने विचारलं, "समजा, आम्ही तुम्हा मुलांनाच गाणी निवडू दिली तर? ॲपवर मतदान. ज्याला जास्त मतं, ते गाणं. मग तुमचे मित्र ऐकतील?"

कल्पना वाईट नव्हती. विश्वस्तांना पटण्यासारखी होती. मला वाटलं, झालं, तास वाचला. तरुणांना विचारल्यावर तरुण हो म्हणणारच.

ऋतुजा हिंदीत म्हणाली, "सर, प्लीज, आम्हाला निवडू देऊ नका. आम्ही परत पनीरच निवडू."

सरांना पनीर कळलं नाही. तन्मयला मी दर्शिनीतलं सगळं सांगितलं होतं, त्याने समजावून सांगितलं. सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मग निवडणार कोण? अक्का तर चालल्या. मी तास ठेवतो, युगादीपर्यंत ठेवतो, विश्वस्तांना सांभाळून घेतो. पण निवडणारा माणूस द्या. नाहीतर मशीन आहेच."

मी ऋतुजाकडे बघितलं. खरं म्हणजे मी तिला आणलं होतं ते याचसाठी. कान आहे, तोंड आहे, आणि निम्मं नावडायची हिंमत आहे. आणखी काय लागतं? मी म्हटलं, "तू कर ना गं. मी शिकवते."

तिने मान हलवली. "नाही काकू. मी निवडलं की पुढे काय येते ते मला माहीत राहील. मग मी ऐकू कशी?"

माझ्या मनात आलं, खरंच की. मी तरी कधी ऐकलं? सगळं आयुष्य मला पुढचं गाणं ठाऊक होतं. मला तिचा हेवा वाटला, आणि त्याच वेळी कळलं, आता तास खरोखरच जाणार.

तेवढ्यात तन्मय म्हणाला, "मी करू का?" आणि लगेच, "म्हणजे, रोज पाचला ऑफिसमधून निघता नाही येणार. पण रेकॉर्ड करून ठेवीन. शनिवारी लाइव्ह."

मूर्ती सर म्हणाले, "तू? तू तर म्हणाला होतास नाव आधी पाहिजे."

"हो सर." त्याचे कान लाल झाले होते. "ते काढून टाकलंय मी. मागच्या आठवड्यातच. कोणाला विचारलं नाही, सॉरी."

ऋतुजाने टेबलाखाली माझा हात दाबला. मी तन्मयला एकच अट घातली, माझी एकही यादी वापरायची नाही. तो म्हणाला, मॅम, मला भीती वाटते. मी म्हटलं, वाटू दे. निरोप समारंभात मी चार वाक्यं बोलायची ठरवली होती, बोलले त्याहून पुष्कळ. ऋतुजा पहिल्या रांगेत बसून घड्याळ दाखवत होती.

दिवाळीनंतरचा शनिवार. मी घरी, यशवंतपूरला. नातीने फोनवर ॲप घालून दिलं होतं, त्यावर आवाज इथेही पोचतो. पाच वाजता मी खुर्ची ओढून बसले. अशी ताठ की जणू माइकसमोर मीच आहे. धून वाजली, सवयीने पाण्याचा तांब्या हातात घेतला. तन्मय बोलला, फक्त "नमस्कारा, बेरे दारी," आणि गाणं सुरू झालं.

काय होतं देव जाणे. आधी पंखा कुरकुरावा तसं काहीतरी, त्यावर एक मुलगी पुटपुटत होती, भाषा ओळखता येईना. मधेच थांबायचं, वाटायचं संपलं, आणि दुसरीकडूनच उगवायचं. मी तिथे असते तर हे कधी लावलं नसतं, निदान सुरुवातीला तर नाहीच. हा सुरुवातीला लावतो? याच्यापुढे काय लावणार आता हा? मला खरोखरच कळेना.

आमचे हे पेपर घेऊन बाहेर आले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. "काय हे? चांगलं आहे का?"

"मुळीच नाही," मी म्हटलं. "आता गप्प बसा, ऐकू द्या मला."